मातीचा श्वास मोजून नत्राचा अंदाज बांधता येतो का? (सरद भात आणि वायंगणातली भाजी)

डिचोलीची_मोरड (धागाकर्ता)

मंडळी, बरेच दिवस मनात असलेला प्रश्न विचारतो. डिचोली तालुक्यात आमची थोडी मोरड (उंचवट्याची, पावसावरची) जमीन आहे. सरदात (पावसाळी हंगामात) ज्योती भात, वायंगणात (भात कापल्यानंतरच्या हंगामात) अळसांदे (चवळी), मिरची आणि थोडी तांबडी भाजी. मृदा आरोग्य पत्रिकेवर सेंद्रिय कर्ब ०.९ टक्के, म्हणजे 'जास्त', आणि उपलब्ध नत्र 'मध्यम' असे आले आहे. बांधापलीकडच्या काकांच्या पत्रिकेवर जवळपास हेच आकडे. बियाणे तेच, लावणी एकाच आठवड्यातली, युरियाही सारखाच. तरी त्यांचे भात चवथीपर्यंत गर्द हिरवे असते आणि आमचे फुटवे येतानाच फिकट पडू लागते. त्यांची गुरे उन्हाळाभर त्याच शेतात असतात, आमच्याकडे आता गुरे नाहीत. दिसणारा फरक एवढाच.

अलीकडे असे वाचले की अमेरिकेत काही शास्त्रज्ञ वाळलेली माती ओली करून तिच्यातून किती कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो ते मोजतात आणि त्यावरून पिकाला जमिनीतून किती नत्र मिळेल याचा अंदाज करतात. आपल्या पत्रिकेवर १२ गोष्टी असतात, पण मातीत जिवंत काय चालले आहे त्याचा एकही रकाना नाही.

माझे प्रश्न: ही चाचणी आपल्या जांभ्या मातीत चालेल का? घरी किंवा शाळेत करता येईल का? आणि तिच्या भरवशावर युरिया कमी करण्याचे धाडस करावे का?

मोपा_पठार

आमच्या पेडण्यातही हाच अनुभव. पत्रिका सारखी, पीक वेगळे. वाचत राहतो.

दापोलीचा_विद्यार्थी

मृदाशास्त्रात एम.एस्सी. करतोय, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

पत्रिकेवरचा 'उपलब्ध नत्र' बहुतेक ठिकाणी अल्कधर्मी परमँगनेट पद्धतीने काढतात. सुब्बय्या आणि असिजा यांनी १९५६ मध्ये मांडलेली ही पद्धत. माती परमँगनेट आणि कॉस्टिक सोड्याबरोबर उकळायची, सुटणारा अमोनिया पकडायचा आणि मोजायचा. हेक्टरी २८० किलोच्या खाली कमी, २८० ते ५६० मध्यम, त्यावर जास्त. ज्या नत्राचे बंध या रसायनाने तुटतात तो यात येतो. शेतात मात्र ते बंध रसायन तोडत नाही, जिवाणू आणि बुरशी तोडतात. त्यांचा वेग ओलावा, तापमान आणि खायला काय मिळते यावर ठरतो.

सेंद्रिय कर्बाचेही तसेच. ०.९ टक्क्याचा हिशेब करून बघा. हेक्टरी वरच्या १५ सेंटिमीटर मातीचे वजन साधारण २० लाख किलो धरतात. त्यात कर्ब १८,००० किलो. कर्ब-नत्र गुणोत्तर १२ धरले तर नत्र १,५०० किलो! भाताच्या एक टन दाण्यामागे पीक साधारण १५ ते २० किलो नत्र उचलते, म्हणजे चार टनांना ६० ते ८०. कागदावर तुमच्या शेतात कित्येक वर्षांचा नत्र पडून आहे. पण वर्षाला त्यातला १ ते ३ टक्के सुटतो असे ढोबळ मानले जाते. १ टक्का सुटला तर १५ किलो, ३ टक्के सुटला तर ४५ किलो. तुमच्या आणि शेजारच्या काकांच्या शेतातला फरक याच ३० किलोंत असू शकतो, आणि तो पत्रिकेवर दिसत नाही. कोठारात किती भात आहे हे कळल्याने आज चुलीवर किती शिजेल ते कळत नाही, तसा हा प्रकार आहे.

हा १ की ३ टक्के, हे ओळखायला श्वसनाची चाचणी मदत करते. अमेरिकेतल्या उत्तर कॅरोलिनात ॲलन फ्रान्झलुबर्स यांनी यावर खूप काम केले आहे. माती वाळवायची, ठरावीक ओलावा द्यायचा, २५ अंश तापमानाला तीन दिवस बंद बरणीत ठेवायची आणि निघालेला कार्बन डायऑक्साइड मोजायचा. त्यांच्या मक्याच्या प्रयोगांत ज्या शेतांचा हा आकडा मोठा, तिथे वरून द्यायच्या नत्राची गरज कमी निघाली.

कुळागरवाली

किती सोपे करून सांगितलेत! आमच्या फोंड्याकडच्या कुळागरात (बागायतीत) पोफळी, केळी, मिरवेल सगळे एकत्र. युरियाचे पोते मी लग्न होऊन आल्यापासून या घरात पाहिलेले नाही. झावळ्या, केळीचे सोप, पोफळीची विरी, सगळे तिथेच कुजते. पाटाच्या कडेची माती हातात घेतली तरी कळते की ती जिवंत आहे. पण तुमच्या भातशेतीला हे तंतोतंत लागू होईल का, याची मला शंका आहे. कुळागर वर्षभर सावलीत आणि ओलसर असते. मोरड जमीन मे महिन्यात भाकरीच्या तव्यासारखी तापते.

रसायन_मास्तर

चाचणी शाळेत होते का, याचे उत्तर: होते. उच्च माध्यमिकच्या प्रयोगशाळेत लागणारे सगळे असते. मुलांकडून प्रकल्प म्हणून करून घेतो, त्यामुळे कृती देतो.

वरची १० ते १५ सेंटिमीटर माती शेतातल्या वेगवेगळ्या जागांहून घ्या, एकत्र करा, सावलीत वाळवा, २ मिलिमीटरच्या चाळणीने चाळा. उन्हात किंवा भट्टीजवळ वाळवू नका. एक लिटरच्या रुंद तोंडाच्या बरणीत १०० ग्रॅम माती, त्यात पाणी इतकेच की माती मुठीत दाबली तर गोळा व्हावा पण पाणी सुटू नये. त्याच बरणीत एका छोट्या वाटीत ०.५ नॉर्मल कॉस्टिक सोड्याचे द्रावण २० मिली. झाकण घट्ट. दुसऱ्या बरणीत माती नाही, फक्त वाटी. ही रिकामी बरणी न ठेवता केलेल्या चाचणीला अर्थ नाही, कारण हवेतला कार्बन डायऑक्साइडही द्रावण शोषते.

तीन दिवसांनी वाटीतल्या द्रावणात बेरियम क्लोराइड टाकायचे, पांढरा साका बसतो. मग फिनॉल्फ्थॅलिनचे थेंब टाकून ०.५ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लाने अनुमापन, गुलाबी रंग जाईपर्यंत. समजा रिकाम्या बरणीला १९.६ मिली आम्ल लागले आणि मातीच्या बरणीला १२.६. फरक ७. त्याला ०.५ ने (आम्लाची नॉर्मलता) आणि ६ ने (कर्बाचा समतुल्य भार) गुणा: २१ मिलिग्रॅम कर्ब, १०० ग्रॅम मातीतून. किलोला २१०.

आपल्याकडे खोलीचे तापमान २५ अंशांवर थांबत नाही. गरमीत श्वसन झपाट्याने वाढते. म्हणून मेमधला आकडा जानेवारीतल्या आकड्याशी किंवा परदेशी तक्त्याशी जुळवू नका. ज्या शेतांची तुलना करायची त्या सगळ्यांच्या बरण्या एकाच दिवशी, एकाच टेबलावर ठेवा.

कॉस्टिक सोडा कातडी जाळतो आणि बेरियम क्लोराइड विष आहे. ही दोन्ही घरच्या स्वयंपाकघरात नकोत. शाळेत, हातमोजे घालून, शिक्षकांसमोर.

कुळागरवाली

आणि बरण्यांना मोठी लेबले लावा! तोरांच्या (लोणच्याच्या कैऱ्यांच्या) दिवसांत रुंद तोंडाची बरणी दिसली की आमच्याकडे सगळे थेट चमचा घेऊन येतात 😄

मोपा_पठार

😄😄

मास्तर, ब्युरेट (आम्ल मोजून सोडायची नळी) नसेल त्याने काय करायचे? चुन्याची निवळी चालेल का?

रसायन_मास्तर

चालेल, पण फक्त कमी-जास्त बघायला. सारख्या मापाची निवळी सारख्या वाट्यांत घ्या. कोणती आधी आणि किती गढूळ होते ते बघा. दोन शेतांत मोठा फरक असेल तर डोळ्यांना दिसेल, आकडा मिळणार नाही. लहान मुलांना माती श्वास घेते हे दाखवायला मात्र याहून चांगला प्रयोग नाही.

सत्तरीचा_जीवामृतवाला

या सगळ्या बरण्यांची गरज काय हो? मी वाळपईच्या बाजूला शेती करतो. महिन्यातून एकदा जीवामृत, बांधावर गिरीपुष्प, आणि जमीन कधी उघडी ठेवत नाही. माझ्या भाताला युरिया लागत नाही. जीवामृतात कोट्यवधी जिवाणू असतात, ते हवेतला नत्र आणून देतात. चाचणी करायचीच असेल तर गांडुळांची विष्ठा बघा. पहाटे शेतात गेल्यावर पायाखाली कळते.

दापोलीचा_विद्यार्थी

@सत्तरीचा_जीवामृतवाला, तुमच्या भाताला युरिया लागत नाही यावर माझा पूर्ण विश्वास आहे. श्रेय कोणाचे, यावर थोडा वाद घालतो, राग मानू नका.

एकरी २०० लिटर जीवामृतात १० किलो शेण, साधारण तेवढेच गोमूत्र, एक-दोन किलो बेसन, तेवढाच गूळ. ताज्या शेणात नत्र अर्ध्या टक्क्याच्या आत, म्हणजे ५० ग्रॅम. गोमूत्रातून १०० ग्रॅमच्या आसपास. बेसनातून फार तर ७० ग्रॅम. सगळे मिळून एकरी पाव किलोच्या आत. युरियाच्या ४५ किलोच्या एका पोत्यात २०.७ किलो नत्र असतो. पाव किलोवर भात उभे राहत नाही.

गिरीपुष्पाचे तसे नाही. त्याच्या वाळलेल्या पाल्यात साधारण ३ टक्के नत्र असतो आणि पाला कोवळा असल्याने झटकन कुजतो. एकरी एक टन वाळलेल्या वजनाचा पाला गेला तर ३० किलो नत्र गेला. तुमच्या शेताला तो पाला पोसतो आहे असे मला वाटते.

आणि धाग्याच्या विषयाशी जोडलेली महत्त्वाची गोष्ट: गुळाने मातीचा श्वास जोरात वाढतो. जीवामृत घातल्यावर लगेच माती बरणीत ठेवली तर आकडा मोठा येईल. पण गुळात नत्र जवळजवळ नसतो. जिवाणूंना वाढायला कर्ब मिळाला की ते नत्र मातीतूनच ओढतात आणि आपल्या शरीरात अडकवून ठेवतात. भाताच्या पेंढ्याचेही तेच, त्याचे कर्ब-नत्र गुणोत्तर ६० च्या वर असते. साधारण २५ च्या खालचा माल कुजला तर नत्र सुटतो, त्याच्या बराच वर असला तर आधी अडकतो. म्हणून मोठा श्वास म्हणजे भरपूर नत्र, हे ताजा पाला, पेंढा, गूळ घातलेल्या शेतात खरे धरू नये. नमुना घ्यायचा तो जमीन निवल्यावर.

सत्तरीचा_जीवामृतवाला

राग कसला? हिशेब मान्य. पण दोन गोष्टी. एक, जीवामृत मी खत म्हणून घालत नाही, विरजण म्हणून घालतो. दोन, ज्याच्याकडे प्रयोगशाळा नाही, ब्युरेट नाही, त्याला तुम्ही काय देणार? जीवामृतामुळे तरी माणूस महिन्याला एकदा शेतात फिरतो, माती उकरून बघतो, पाला घालायची आठवण राहते. माझ्या आजोबांनी पाटातल्या पाण्याचा रंग बघून सारें (खत) किती घालायचे ते ठरवले. तो अनुभव टाकाऊ ठरवू नका.

गिरीपुष्पाचे म्हणाल तर पटते. यंदा एका कोपऱ्यात जीवामृत न घालता फक्त पाला घालून बघतो.

गावडोंगरीकर

नत्र, कर्ब सगळे ठीक, पण गव्यांसाठी कोणती चाचणी आहे? काणकोणात भात पोटरीत आले की गवे उतरतात. राहिलेले खेती (माकडे) नेतात.

सत्तरीचा_जीवामृतवाला

गावडोंगरीकरबाब, आमच्याकडेही तेच दुःख. गेल्या वायंगणात अळसांदे पेरले ते कोवळ्या शेंगांसकट खेत्यांनी नेले. त्यासाठी वेगळा धागा काढा, मी पहिला प्रतिसाद देतो.

जुव्याचा_खाजनकार

इथे सगळे मोरड आणि कुळागराचे बोलत आहेत, म्हणून खाजनाची (खाडीकाठच्या बांध घातलेल्या खाऱ्या शेताची) बाजू मांडतो. आमच्याकडे मानशीतून (बांधातल्या झडपेतून) खारे पाणी आत-बाहेर होते. पावसात बांध राखून पहिल्या पावसाने मीठ धुऊन घालवतो, मग मोड आलेले बी फोकतो. पूर्वी कोरगुट हे खाऱ्या जमिनीतले भात होते, आता काहीजण जुन्या गोव्याच्या एला येथील केंद्राने काढलेले 'गोवा धान' वाणही लावतात.

आमची माती वाळवून बरणीत ठेवली तर त्या आकड्याचा आमच्या भाताशी संबंध काय? एक तर मीठ. उन्हाळ्यातल्या खाजनाच्या मातीत इतके मीठ असते की जिवाणू दबलेले असतात. मीठ धुतल्यावर तीच माती वेगळी वागते. दुसरे, भात उभे असते पाण्यात. पाण्याखाली हवाच नाही, तर हवेतल्या श्वासाचा आकडा काय कामाचा? तिसरे, आमच्या चिखलात तिसऱ्यांचे, खुब्यांचे कवच असते. आम्लाचा थेंब टाकला की फेस येतो. म्हणजे बरणीतला सगळा कार्बन डायऑक्साइड जिवाणूंचाच, असे कसे म्हणायचे?

दापोलीचा_विद्यार्थी

तिन्ही मुद्दे बिनतोड आहेत. कवचाची शंका असेल तर आधी आम्लाचा थेंब टाकूनच बघावे, आणि फेस आला तर ही पद्धत वापरू नये. डोंगराळ भागातल्या आम्लधर्मी जांभ्या मातीत ती अडचण सहसा येत नाही.

पाण्याखालच्या भातासाठी दुसरी चाचणी आहे. माती थोड्या पाण्यात पूर्ण बुडवायची, नळी वरपर्यंत भरून बंद करायची, ४० अंशांवर ७ दिवस ठेवायची आणि किती अमोनियम वाढले ते मोजायचे. वॉरिंग आणि ब्रेमनर यांच्या १९६४ च्या कामातून ही पद्धत आली. पाण्याखाली नत्र अमोनियमवरच थांबतो, नायट्रेट होत नाही, म्हणून मोजणे सरळ. शिवाय इथे कर्ब न मोजता थेट नत्रच मोजतो, त्यामुळे गुळा-पेंढ्याची फसगत कमी. अडचण एवढीच की अमोनियम मोजायची सोय लागते. ती शाळेत अवघड, महाविद्यालयात होऊ शकते.

पेडण्याची_मिरची

मी हरमलची मिरची लावते, आणि मला या चर्चेत एक गोष्ट राहिली असे वाटते: पाऊस.

आमच्याकडे मृगाचा पहिला पाऊस पडला की आठवड्याभरात पडीक जमिनीवरचे तणही कसे काळपट हिरवे उठते ते सगळ्यांनी पाहिले आहे. कोणी खत घातलेले नसते. मातीच्या या वागण्यावर मी थोडे वाचले आहे. पूर्व आफ्रिकेत एच. एफ. बर्च यांनी १९५८ मध्ये हे नीट मांडले: कोरडी तापलेली माती एकदम ओली झाली की जिवाणूंचा श्वास उसळतो आणि नत्राचा लोंढा सुटतो. उन्हाळ्यात मेलेल्या जिवाणूंचे अंग, मातीच्या ढेकळांत दडलेले अन्न, सगळे एकदम खुले होते. बरणीतली चाचणी हेच करते ना? वाळवते आणि भिजवते. म्हणजे ती आपला मृगच बरणीत घडवते.

पण पुढे काय होते ते बघा. गोव्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर. तो सुटलेला नत्र नायट्रेट झाला की पाण्याबरोबर खाली किंवा ओहोळात जातो. भाताच्या शेतात चिखलणी करून पाणी बांधले की उरलेला नायट्रेट हवेत उडतो. आणि त्या वेळी आपला तरवा (भाताची रोपे) अजून वाफ्यात असतो! लोंढा आला तेव्हा शेतात प्यायला कोणी नाही. आकडा मोठा आला म्हणून युरिया कमी केला आणि तो नत्र लावणीच्या आधीच वाहून गेला, तर पीक पिवळेच राहणार.

त्यामुळे माझे मत असे की हा आकडा वायंगणाच्या भाजीला जास्त उपयोगी. भात कापल्यावर माती हळूहळू वाळते, आपण पाटाने किंवा ठिबकने ओलावा देतो, धुऊन जाणे फार नाही. तिथे जे सुटेल ते मुळांना मिळते. सरद भाताला तो अपुरा आहे.

दापोलीचा_विद्यार्थी

ताई, याबद्दल तुमच्याकडूनच शिकायला हवे. आमच्याकडे पुस्तकात बर्च वेगळ्या पानावर आणि भाताचा नायट्रेट वेगळ्या पानावर असतो.

कुळागरवाली

मग तो लोंढा पकडायला काहीतरी उभे हवे. आमच्या सासूबाई वळवाच्या पावसावर ताग टाकायच्या, तो हेच करत असणार.

जुव्याचा_खाजनकार

ताग, धैंचा चांगलाच. पण गाडायच्या वयाचा व्हायला सहा आठवडे लागतात. वळीव वेळेवर आला तर जमते, नाहीतर लावणी पुढे जाते आणि पावसाळ्याच्या शेवटी भात पाण्याला कमी पडते. मोरडीवर तर हा धोका जास्त.

पेडण्याची_मिरची

खरे आहे. सगळ्या शेतात नको. जिथे पाण्याची थोडी सोय आहे तिथे मेच्या मध्यात पाणी देऊन पेरा, बाकीकडे तीन आठवड्यांचा कोवळा असताना गाडला तरी चालेल. पाला कमी मिळेल, पण पहिल्या पावसाचा नत्र त्याच्या अंगात अडकलेला असेल आणि कोवळा असल्याने लावणीनंतर लवकर सुटेल.

मोपा_पठार

वाचणारे बरेच आहोत हे कळावे म्हणून लिहितो. मास्तरांची कृती छापून शाळेत देतोय.

निवृत्त_कृषीसहायक

सगळे वाचून काढले. आयुष्यभर शेतकऱ्यांच्या मातीचे नमुने गोळा केले, म्हणून मूळ प्रश्नाकडे येतो. धागाकर्त्याने विचारले: युरिया कमी करण्याचे धाडस करावे का?

आकडा कोणताही असो, परमँगनेटचा, श्वसनाचा किंवा अमोनियमचा, तो पिकाशी जुळवून पाहिल्याशिवाय त्यावरून खताची मात्रा ठरवता येत नाही. अमेरिकेतल्या आकड्याला अर्थ आहे, कारण त्यांनी शेतोशेती खत घातलेले आणि न घातलेले पट्टे ठेवून पिकाची तुलना केली. २१० आला की अमुक किलो युरिया वाचतो, असा भात-अळसांद्यांचा तक्ता डिचोलीच्या मोरडीसाठी तुमच्या हातात नाही. तो तुम्हालाच करावा लागेल, आणि तो कठीण नाही.

शेताच्या मध्यातून एक पट्टा नत्राशिवाय ठेवा. स्फुरद, पालाश नेहमीप्रमाणे द्या. पट्टा बांधाच्या कडेला नको, तिथे शेजारचे खत पाझरते. पट्ट्याच्या चारी बाजूंनी छोटा बांध घाला, नाहीतर पाण्याबरोबर युरिया आत येईल. कापणीला त्या पट्ट्यातले भात आणि बाकीच्यातले भात वेगळे मळा, वाळवा, वजन करा. पट्ट्यात हेक्टरी दोन टनांच्या हिशेबाने दाणा उतरला तर मातीने आपल्या बळावर हेक्टरी ३० ते ४० किलो नत्र दिला, असे समजायला हरकत नाही. शेजारच्या काकांनाही असाच पट्टा ठेवायला सांगा. मग दोन्ही शेतांच्या बरण्यांचे आकडे शेजारी ठेवा. पट्ट्यांतला फरक आणि बरण्यांतला फरक एकाच दिशेने गेला तर चाचणीवर भरवसा वाढवा.

उभ्या पिकासाठी पानाच्या रंगाची पट्टी वापरा. भात संशोधनातून आलेली ही साधी प्लास्टिकची पट्टी आहे, चार किंवा सहा हिरव्या छटांची. लावणीनंतर दोन आठवड्यांनी सुरू करायचे, दर आठवडा-दहा दिवसांनी सकाळी ८ ते १० मध्ये, आपल्या अंगाची सावली पाडून, दहा रोपांच्या सर्वांत वरच्या पूर्ण उघडलेल्या पानांचा रंग पट्टीशी ताडायचा. निम्म्याहून जास्त पाने ठरलेल्या छटेपेक्षा फिकी असतील तरच युरियाचा पुढचा हप्ता. यात मातीने काय दिले, पावसाने काय नेले, सगळे धरले जाते, कारण आपण थेट पिकालाच विचारतो.

म्हणून माझे उत्तर: चाचणी जरूर करा, पण पहिल्या वर्षी तिच्या भरवशावर पूर्ण शेताचा युरिया कमी करू नका. पट्ट्यात शून्य, आणि बाकीच्यात शेवटचा हप्ता रंगपट्टी सांगेल तसा.

रसायन_मास्तर

हे फार महत्त्वाचे. मुलांना मी हेच सांगतो की आकडा मिळाला म्हणजे अर्धेच काम झाले.

सत्तरीचा_जीवामृतवाला

पट्ट्याची कल्पना मला आवडली. माझ्याकडे युरियाशिवाय सगळेच शेत आहे, तर मी उलटे करतो. एका पट्ट्यात युरिया देतो. तिथले भात बाकीच्याहून फार वर गेले नाही, तर माझी माती पुरी पडते हे आकड्यांत दाखवता येईल. गेले तर किती कमी पडते ते कळेल.

निवृत्त_कृषीसहायक

तुमच्यासाठी तोच बरोबर मार्ग. बांध मात्र नीट घाला.

डिचोलीची_मोरड

सगळ्यांचे मनापासून आभार. काकांशी काल बोललो. ते म्हणाले, पट्टा ठेवतो पण पिवळे भात बघून गावातले विचारतील त्याचे उत्तर तू द्यायचे. देईन! यंदा सरदात दोन्ही शेतांत नत्राशिवायचा पट्टा, रंगपट्टीसाठी विभागीय कृषी कार्यालयात विचारतो, आणि पेडण्याच्या ताई म्हणाल्या तसे वायंगणाच्या मिरचीसाठी बरणीची चाचणी.

शेवटची शंका. वायंगणासाठी मातीचा नमुना कधी घ्यायचा? भात कापल्यावर लगेच, की अळसांद्यांसाठी नांगरल्यावर?

दापोलीचा_विद्यार्थी

कापणीनंतर, नांगरणीच्या आधी. धसकटे आणि मुळे मातीत मिसळली की त्यांचाच श्वास मोजला जाईल. नमुना घेताना वरची काडी बाजूला करा, चाळताना दिसतील ती मुळे काढून टाका. आणि मिरचीच्या व अळसांद्यांच्या जागेचे नमुने वेगळे ठेवा. अळसांदे हवेतला नत्र स्वतः बांधतात, त्यांना युरियाची फारशी गरज नसते, त्यामुळे तिथला आकडा या वर्षीपेक्षा पुढच्या पिकासाठी जास्त कामाचा.

पेडण्याची_मिरची

आणि मिरचीतही एक ओळ नत्राशिवाय ठेवा. तोडे वेगळे मोजा. पहिल्या तोड्यावरून काही ठरवू नका, तिसऱ्या-चौथ्या तोड्यापर्यंत फरक कळायला लागतो.

रसायन_मास्तर

डिचोलीची_मोरड, नमुने वाळले की कळवा. आमच्या प्रयोगशाळेत बरण्या ठेवू. काकांची माती, तुमची माती आणि कुळागरवालीताईंनी पाठवली तर त्यांचीही, सगळ्या एकाच दिवशी लावू.

कुळागरवाली

पाठवते. पाटाकडची एक आणि पोफळीच्या बुंध्याकडची एक, अशा दोन पिशव्या देते.